लांब पट्ट्याचं घड्याळ

माझे साडू विनायकराव हे अत्यंत सज्जन गृहस्थ आहेत, आणि ही गोष्ट मला त्यांच्या लग्नापासून सहन झालेली नाही.

एखाद्याचा हेवा करायचा तर त्याच्यात काहीतरी खोट असावी लागते. म्हणजे मनसोक्त जळून झाल्यावर त्या खोटीवर बोट ठेवून माणसाला शांत झोपता येतं. विनायकरावांत ती सोय नाही. पेडण्यात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. विमानतळ झाल्यापासून तिकडे जो तो घर बांधतोय आणि जो तो नळ, कड्या, बिजागऱ्या घ्यायला ह्यांच्याकडेच जातोय. मी डिचोलीत मराठीचा मास्तर. माझ्याकडे स्वतःहून कोणी येत नाही, घंटा वाजवून आणावं लागतं! लाटंबार्सेला आमच्या सासुरवाडीत पंप बिघडला की विनायकरावांना बोलावतात. सासूबाईंच्या मिक्सरचं भांडं अडकलं की विनायकराव. चवथीला माटोळी बांधायची (गणपतीच्या डोक्यावर चौकट टांगून तिला रानातली फळंपानं बांधतात ती) तरी विनायकरावच. मला कशाला बोलावतात? जेवायला. तेही विनायकराव आले की पानं वाढतात.

हे सगळं मी गिळलं होतं. पण मग त्यांनी ते घड्याळ घेतलं.

भारी, परदेशी घड्याळ. खरं सांगतो, घड्याळाचं मला काही वाटलं नाही. वेळ माझ्याही घड्याळात तीच होती. माझं काळीज जाळलं ते त्याच्या लॉकनं. आपल्या साध्या घड्याळाला बक्कल असतं, टोक ओढा आणि भोकात काटा घाला. ह्यांच्या चामडी पट्ट्याला खाली घडीचं लॉक! दोन बाजूंची बारीक बटणं चिमटीत दाबली की 'टक्' आवाज व्हायचा, पोलादी घडी उलगडायची आणि हात बाहेर. परत घालताना घडी मिटवली की पुन्हा 'टक्'. जेवायला बसताना टक्. हात धुऊन आल्यावर टक्. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "कितां बरां वाजता गो तां!" माझी बोटं मोडताना याच्या दुप्पट आवाज होतो, पण त्याचं नाव आजवर त्या घरात कोणी काढलेलं नाही.

आरतीला तर ह्या 'टक्'चा कहर. सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे, पाच दिवसांचा गणपती आणि त्यांच्या वडिलांच्या हातचा जुना घुमट. (घुमट म्हणजे मातीचं मडकंच. एका तोंडावर चामडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हातानं चामड्यावर थाप मारायची आणि डाव्या पंजानं मागचं तोंड झाकत-उघडत नाद घुमवायचा.) तो वाजवायचा मान अर्थातच विनायकरावांचा. घुमट हातात घेण्याआधी ते टक् करून घड्याळ काढत आणि जनेलावर, म्हणजे खिडकीत, ठेवत, नेमका समईचा उजेड पडतो तिथे. आरतीला आलेली सगळ्या वाड्यावरची माणसं एकदा देवाकडे बघायची आणि दोनदा जनेलाकडे. 'मिरवायची हौस, दुसरं काय!' असं मी मनात म्हणायचो आणि माझ्या वाट्याला आलेलं कासाळं जोरात बडवायचो. (कासाळं ही मोठी झांज. ती वाजवायला काहीही यावं लागत नाही, म्हणून ती मला देतात.)

माझी निवृत्ती जवळ आली होती. आमचा निखिल बोटीवर नोकरीला आहे. "बाबा, निवृत्तीला तुम्हाला काय आणू?" त्यानं विचारलं.

"मला काय रे पाहिजे ह्या वयात!" मी म्हणालो, आणि लगोलग विनायकरावांच्या मनगटाचे मी लपून काढलेले सगळे फोटो त्याला पाठवून दिले.

तो हुशार मुलगा आहे. आईवर गेलाय.

आता ह्यात काजू कुठून आले ते सांगतो. मार्चमध्ये लाटंबार्सेला हिरव्या काजूच्या बिया फोडून आतले कोवळे गर, म्हणजे बिब्बे, काढायचे असतात. त्यासाठी आम्ही सगळे सासऱ्यांच्या अंगणात जमलो होतो. हिरव्या बीच्या सालीत जहाल चीक असतो, म्हणून तिथे शेंबडं पोरही हाताला खोबरेल चोपडून मगच बसतं. विनायकराव कोपरापर्यंत तेल लावून बसले होते आणि सपासप बिया कापत होते. त्यांच्यासमोर बिब्ब्यांची रास. मेहुणी, सासूबाई आणि माझी स्वतःची बायको सुलभा, तिघी त्या राशीकडे बघत होत्या.

"सरका," मी म्हणालो आणि कोयती ओढली.

"मास्तरांनू, हाताक तेल लावा आदी," अण्णा म्हणाले. "चीक वायट आसता."

"तेल लावायला मी काय आखाड्यात उतरतोय?"

"मास्तरांनू, खरांच लावा," विनायकराव वाटी पुढे करत म्हणाले. आता त्यांनी दिलेलं तेल लावून त्यांनाच हरवायचं, हे कोणत्या स्वाभिमानी माणसाला जमेल? मी कोरड्या हातांनी बसलो. चार बियांमागे ते एक बिब्बा मोडत होते, मी चार बियांमागे एक बिब्बा अख्खा काढत होतो. तरीही उठलो नाही. चीक बोटांवरून ओघळला, तोही मी दिमाखात डाव्या मनगटाला पुसला.

दुसऱ्या दिवशी माझं डावं मनगट उंड्यासारखं फुगलं! बेकरीतून नुकता काढलेला गोल पाव असतो तसं गोल, गरम आणि लाल. सुलभानं त्यावर कोकमाच्या सोलांचं पाणी लावलं, वर जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली आणि तोंडानं जे काही लावायचं तेही लावलं. आणि नेमका तेव्हाच निखिलचा मेसेज आला: 'बाबा, घड्याळाच्या दुकानात आहे. मनगटाचं माप सांगा. पट्टा आखूड, मध्यम की लांब? बक्कल की फोल्डिंग लॉक? लवकर सांगा, बोट सुटायची वेळ झाली.'

"टेप आण!" मी ओरडलो.

"सूज उतरू दी मगो," सुलभा म्हणाली. "अशा हाताचां माप घेतत?"

"बोट सुटेल!"

"बोट सुटू दी. मनगट खंय पळान जाता?"

पण मनगट पळत नसलं तरी संधी पळते, हे बायकांना कोण सांगणार! मी तिच्या शिलाईच्या डब्यातून टेप काढली आणि पट्टी सोडायला वेळ नव्हता म्हणून पट्टीसकट माप घेतलं. मग आठवलं की विनायकराव घड्याळ जरा सैल घालतात. रुबाब त्या सैलपणातच आहे! म्हणून आणखी एक बोट वाढवलं. मग मनात आलं, त्यांच्याइतकंच कशाला? आणि आणखी एक बोट.

निखिलनं फोनच केला. "बाबा, एवढं? नक्की?"

"मास्तराला माप शिकवतोस?"

"लांब पट्टा लागेल मग. आणि बक्कल घेऊ का? ते तुम्हाला सोपं पडेल."

"टक् होणारं घे!"

"काय होणारं?"

"टक्!"

पलीकडे तो दुकानदाराला माझं बोलणं समजावून सांगत असल्याचं ऐकू आलं. त्यानं कोणत्या भाषेत 'टक्' केलं ते देव जाणे, पण दुकानदाराला ते कळलं.

चवथीच्या महिनाभर आधी निखिलच्या बोटीवरचा एक आमोण्याचा मुलगा सुट्टीवर आला आणि घड्याळ देऊन गेला. डब्यात डबा, त्यात मखमल, मखमलीत घड्याळ! मी देवासमोर ठेवलं, हळदकुंकू लावलं, घडी उघडली, हात घातला आणि मिटवली. टक्! काय सांगू तुम्हाला, कान तृप्त झाले.

मी ऐटीत हात खाली सोडला. घड्याळही खाली आलं आणि थेट अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबलं. हात वर केला. घड्याळ कोपराकडे निघालं.

सूज कधीच उतरली होती. खाली माझं खरं मनगट उरलं होतं, जे मुळातच खडूएवढं आहे.

सुलभानं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "कोणाक हाडलां हां? म्हशीच्या गळ्याक?"

मी पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आवळला. तरी तबकडी मनगटाला प्रदक्षिणा घालतच राहिली. वेळ बघायची तर हात कानाजवळ नेऊन गरकन फिरवावा लागे आणि रस्त्यावरच्या लोकांना वाटे मी कोणाला तरी मारायला निघालोय. डिचोलीच्या बाजारातला घड्याळजी म्हणाला, "मास्तर, आनी एक भोक मारून दितां, पांच मिनटांचां काम." मी घड्याळ त्याच्या हातून काढूनच घेतलं. विनायकरावांच्या पट्ट्याला बाजारातलं भोक आहे? मग माझ्या का असावं?

मी दुसरा मार्ग धरला. मनगटच जाड करायचं! पंधरा दिवस सकाळी दूध, केळी, तूप. शर्टाची दोन बटणं लागेनाशी झाली, पण मनगट इमानदारीत होतं तसंच राहिलं. पुन्हा थोडा चीक लावून घ्यावा असंही एकदा मनात आलं, पण ऑगस्टमध्ये हिरवे काजू आणणार कुठून? शेवटी पट्ट्याखाली हातरुमाल गुंडाळला आणि तसाच सासुरवाडीला गेलो.

आमचा गणपती दीड दिवसाचा. तो पोचवून आम्ही तिसऱ्या दिवशी लाटंबार्सेला पोचलो. विनायकराव आधीच हजर. माटोळीला त्यांनी कुठल्या तरी कड्यावरून आणलेलं दुर्मीळ रानफळ लटकत होतं आणि जो येई तो मान वर करून "व्वा!" म्हणत होता. मी माटोळीखाली उभा राहून तीनदा घड्याळात पाहिलं. एकानं शेवटी विचारलं, "मास्तर, हाताक लागलां काय? रुमाल बांदलासा?"

झालं! मी मागच्या पडवीत जाऊन रुमाल सोडून खिशात कोंबला.

आरतीची वेळ झाली. वाडा जमला. विनायकरावांनी नेहमीप्रमाणे टक् करून घड्याळ जनेलावर ठेवलं आणि घुमटाकडे वळले, तर घुमट माझ्या गळ्यात!

"मास्तरांनू, तुमी?" अण्णा दोन पावलं पुढे आले.

"का? मी का नाही? कासाळं वाजवून वाजवून हात दुखला माझा."

माझा हिशोब सरळ होता. घुमट वाजवताना डावा पंजा सतत मागच्या तोंडावर हलतो. म्हणजे घड्याळ सतत हलणार, समईत सतत चमकणार! जनेलावर गप्प पडलेलं घड्याळ कुठे आणि हे कुठे!

"वाजवा, वाजवा," विनायकराव खुशीत म्हणाले. (बघा! ह्यालाच मी सज्जनपणा म्हणतो. माणूस रागावतसुद्धा नाही!) "पण मास्तरांनू, घड्याळ काडून जनेलावर दवरा. घुमटाक हात लावच्या आदी सगळे काडतत."

आलं लक्षात! माझं घड्याळ काढायला लावून स्वतःच्या घड्याळाशेजारी झाकोळून टाकायचं!

"माझं लॉक पक्कं आहे," मी म्हणालो.

आरती सुरू झाली. उजव्या हातानं थाप, डाव्या पंजानं झाक-उघड, झाक-उघड. घड्याळ असं लखलखत होतं की मला ताल सुचेना. दुसरी आरती चढीला लागली, मी डावा हात जोरात आपटला आणि घुमटाच्या काठाशी 'टक्' असा गोड आवाज झाला. मी मान डोलावली. वाटलं, हात बसायला लागला! पाठोपाठ आतून 'खळ्ळ' झालं. पुढच्या थापेला 'धुम्‌-खळ्'. शेजारचे दोघे माझ्याकडे वळून बघू लागले. ती दाद समजून मी आणखी जोर लावला. धुम्‌-खळ्, धुम्‌-खळ्! विनायकराव माझ्याच कासाळ्यावर मला साथ करत होते. आयुष्यात इतकं सुख मला पूर्वी मिळालं नव्हतं.

दुसरी आरती संपली. मी घुमट खुंटीला लावला, सगळ्यांच्या मधोमध उभा राहिलो, डावा हात छातीशी वर उचलला आणि मोठ्यानं म्हणालो, "वाजले तरी किती बरं?"

मनगटावर काही पांढरे केस होते. बाकी काही नव्हतं.

"घड्याळ!" मी किंचाळलो.

सगळं घर शोधायला लागलं. दूर्वा चाळल्या, फुलांची परडी पालथी केली, प्रसादाच्या पंचखाद्यात सासूबाईंनी पळी फिरवून पाहिली. विनायकराव तर टॉर्च घेऊन पाटाखाली आडवे झाले. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा माणूस एवढा जीव तोडून का शोधतोय? घड्याळ कोणाचं, तळमळ कोणाला! मला दिसलं की त्यांच्या सदऱ्याचा खिसा फुगलाय.

"विनायकराव," मी म्हणालो, "खिशात काय आहे हो?"

सुलभानं माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही.

विनायकराव उठले. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खिशातून कापराची डबी काढली, मग माझा हातरुमाल. "पडवीत पडलेलो गावलो," ते हळू म्हणाले. "तुमका दिवचो म्हणून दवरलेलो." आणि रुमालाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

एवढं होऊनही ते एक वाकडा शब्द बोलले नाहीत. निदान एक शिवी तरी द्यायची! मला आधार झाला असता. मी तो रुमाल हातात धरून उभा राहिलो आणि खरंच, जमीन दुभंगली असती तर मी माटोळीसकट आत गेलो असतो.

"चला, रवली ती आरती म्हणूया," अण्णा विषय बदलत म्हणाले. "विनायक, घुमट घे."

विनायकरावांनी घुमट उतरवला, थाप मारली. धुम्‌-खळ्!

त्यांनी घुमट कानाशी नेला. हलवला. खळ्ळ! त्यांचा चेहरा एकदम फुलला. "मास्तरांनू, गावलां! तुमचां घड्याळ घुमटात आसा!"

घुमट उलटा केला, आपटला, हलवला. घड्याळ मागच्या तोंडापर्यंत यायचं आणि उघडलेल्या लॉकचे दोन पोलादी पंख आडवे होऊन तिथेच अडकायचं. मी ज्या घडीसाठी तळमळत होतो ती आता मिटायला तयार नव्हती.

"तार घालून ओढू?" मी विचारलं.

अण्णांनी घुमट पोटाशी धरला. "माझ्या बापायच्या घुमटात तार? पांचव्या दिसा गणपती पोचवून येवया. चामडां जुनां जालां, तां मागीर बदलूचांच आसा. तेन्ना काडतलों."

"तोवर?"

"तोवर आरत्यो आसत मरे! घुमटाशिवाय कशो जातल्यो?"

म्हणून त्या चवथीच्या उरलेल्या सगळ्या आरत्या माझ्या घड्याळानं आतून वाजवल्या. मी तिथेच मुक्काम ठोकला. घड्याळ आत, मी बाहेर, कासाळं हातात. प्रत्येक खळ् माझ्या काळजात व्हायचा. आणि वाड्यावरचे लोक? ते खूश! "अण्णा, यंदा घुमटाक घुंगरां घातल्यात काय? बरो नाद येता!" पलीकडच्या वाड्यावरून लोक मुद्दाम ऐकायला आले. विनायकराव प्रत्येकाला प्रामाणिकपणे सांगायचे, "आमच्या मास्तरांचां घड्याळ तां!"

पाचव्या दिवशी चामडं कापलं तेव्हा घड्याळ बाहेर आलं. काच पांढरी झाली होती आणि काटे आरतीच्या कुठल्या तरी कडव्यावर थांबले होते. लॉक मात्र शाबूत. मी दाबून पाहिलं. टक्!

आता मी निवृत्त आहे. मनगटावर जुनं बक्कलवालं घड्याळ असतं आणि भारी घड्याळ मखमलीत झोपलेलं. हा विषय मी कायमचा मिटवला होता. पण परवा, चवथ जवळ आली तसा अण्णांचा फोन आला. "मास्तरांनू, घुमटाक नवां चामडां घातलां, पण नाद नाय. येताना तां घड्याळ हाडा."

मागून विनायकरावांनी फोन घेतला. "मास्तरांनू, माझां घालून बगलां मी."

"काय?"

"माझां घड्याळ. घुमटात. पण तसो नाद येणा नाय. माझो पट्टो मापाचो मरे, आत खेळणा नाय. तुमच्या लांब पट्ट्याची गजालच वेगळी!"

मी फोन ठेवला आणि घरभर फिरलो. सुलभाला वाटलं मला कमी-जास्त काही होतंय. होतच होतं! विनायकरावांकडे जे नाही ते माझ्याकडे होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. संध्याकाळपर्यंत मी विनायकरावांवर भावासारखं प्रेम केलं.

संध्याकाळी मेहुणीचा सुलभाला फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "आज आमचे हे दुकान सोडून पणजीक गेलेत गो. घड्याळाक लांब पट्टो मेळता काय तां बगूक."

मी तडक निखिलला मेसेज केला: 'त्या दुकानात विचार, माझ्याहून लांब पट्टा मिळतो का?'

त्याचं उत्तर लगेच आलं. 'बाबा, मनगट पुन्हा सुजलं का?'

मी लिहिलं, 'नाही. पण तू लांबच घे.'